एवा दुआर्ते : एका बंद पडलेल्या चषकावरील नाव

फुटबॉलच्या चषकांना थोरामोठ्यांची नावे देण्याची चाल जुनी आहे. आपल्याकडील ड्युरंड चषक सर मॉर्टिमर ड्युरंड यांच्या नावाने खेळला जातो, हे मैदानी खेळांची आवड असलेल्या आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांस ठाऊक असेलच. स्पेन देशात मात्र एके काळी असा एक चषक होता, की तो जिच्या नावाने खेळला जाई ती बाई त्या देशाची नव्हतीच. तिचे घर अटलांटिक महासागराच्या पार पलीकडच्या तीरावर होते. साखळी स्पर्धेत पहिला आलेला संघ आणि राष्ट्रीय चषक जिंकणारा संघ, अशा दोन अजिंक्य संघांनी परस्परांशी झुंजावे व जो जिंकेल त्याने तो चषक न्यावा, अशी त्याची योजना होती. १९४७ पासून १९५३ पर्यंतच्या सात वर्षांचे विजेते त्याच्या यादीत आहेत. पुढे तो बंद पडला. त्याचे नाव एवा दुआर्ते चषक. ज्या बाईचे हे नाव, तिला दुआर्ते हे आडनाव लावण्याचा अधिकार कायद्याने जन्मतः मिळालेला नव्हता, एवढी गोष्ट ध्यानात ठेवून वाचकांनी तिचे पुढील चरित्र वाचावे, अशी आमची विनंती आहे.

दक्षिण अमेरिकेतील अर्जेंटिना देशात पांपा नावाची विस्तीर्ण सपाट मैदाने आहेत. गहू आणि गुरे ही तेथील संपत्ती. त्या मैदानातील लोस तोल्दोस या खेड्याच्या परिसरात ७ मे १९१९ रोजी एवा मारिया हिचा जन्म झाला. आई हुआना इबार्गुरेन आणि बाप हुआन दुआर्ते. बाप एका मोठ्या जमीनदारीचा कारभारी होता. चिविल्कोय गावी त्याची विवाहित बायको व मुले होती, आणि लोस तोल्दोसचा संसार हे त्याचे दुसरे बिऱ्हाड होते. पाच भावंडांत एवा सर्वांत धाकटी. ती पुरती पावले टाकू लागते न लागते तोच बाप हे बिऱ्हाड सोडून आपल्या पहिल्या कुटुंबाकडे निघून गेला. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत मुलीचे आडनाव आईचेच लागले. गावातील सभ्य म्हणविणारी माणसे या घराशी अंतर राखून असत. आईने लोकांचे कपडे शिवून पाची मुलांना वाढविले.

१९२६ साली मोटारीच्या अपघातात हुआन दुआर्ते मरण पावला. त्याचे अंत्यदर्शन घ्यावे म्हणून हुआनाबाई पाची मुलांस काळे कपडे घालून चिविल्कोयला गेली. दारातच त्यांस अडविण्यात आले. बरीच बोलाचाली झाल्यावर मुलांना आत जाऊन बापाचे मुख पाहू देण्यात आले आणि प्रेतयात्रेच्या मागून चालण्याची परवानगी मिळाली. एवा त्या वेळी सहा वर्षांची होती. एवढ्या वयात दारातला नकार ज्याने सोसला त्याला तो जन्मभर विसरत नाही, असे आम्हांस वाटते.

तिच्या बालपणाची आणखी एक हकीकत तिच्या बहिणीने पुढे लिहून ठेविली आहे. तिकडील ख्रिस्ती घरांत जानेवारीच्या ६ तारखेस, मागी लोकांच्या सणाला, मुलांना खेळणी मिळतात. पूर्वेकडील ते ज्ञानी पुरुष रात्री उंटांवरून येऊन ती ठेवून जातात अशी मुलांची समजूत असते. एवाने एके वर्षी मोठी बाहुली मागितली. नवी बाहुली घेण्याची आईची ऐपत कोठली? तिने पाय मोडलेली एक बाहुली स्वस्तात आणली आणि ती उंटावरून पडली म्हणून तिचा पाय मोडला, असे मुलीला समजाविले. मुलीने ती पोटाशी धरली. हीच मुलगी पुढे सत्तेवर आली तेव्हा मागी लोकांच्या सणाला देशभरच्या गरीब मुलांस खेळणी वाटण्याची व्यवस्था तिने केली; त्या गाड्या भरभरून गेलेल्या खेळण्यांचा उगम आम्ही तरी त्या मोडक्या बाहुलीत पाहतो.

१९३० साली हे कुटुंब जुनीन या जरा मोठ्या गावी राहावयास गेले. तेथे शाळेत एवाचा अभ्यास बेताचाच होता. कविता म्हणून दाखविण्यात व नाटकात काम करण्यात मात्र तिचे मन रमे. १९३५ च्या आरंभी, वयाच्या पंधराव्या वर्षी, नटी होण्यासाठी ती राजधानी ब्युनॉस आयर्स येथे आली. पहिली कित्येक वर्षे तिने हालात काढली. नाटकात चार-दोन वाक्यांची भूमिका, चित्रपटात क्षणभर दर्शन, आज या खोलीत तर उद्या त्या खोलीत बिऱ्हाड. ती मोठी नटी होती असे तिचे चाहतेही म्हणत नाहीत. रेडिओवर मात्र तिचा जम बसला. इतिहासातील थोर स्त्रियांच्या जीवनावरील श्राव्य नाटकांची एक मालिका १९४३ पासून सुरू झाली, तीत इंग्लंडची एलिझाबेथ राणी, रशियाची कॅथरीन राणी अशा भूमिका तिने केल्या. त्या काळी ज्या घरात वर्तमानपत्र येत नसे त्या घरातही रेडिओ ऐकला जाई. पुढे लाखो माणसांसमोर बोलताना जो आवाज तिच्या उपयोगी पडला, तो तेथे घडला.

१९४४ च्या जानेवारीत सान हुआन हे शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले व हजारो माणसे दगावली. मदतनिधीसाठी राजधानीत नटनट्यांचा एक मोठा कार्यक्रम झाला. तेथे मजूर खात्याचा प्रमुख कर्नल हुआन पेरॉन याची व तिची गाठ पडली. पेरॉनचा मजुरांवर वाढता प्रभाव पाहून १९४५ च्या ऑक्टोबरात त्याच्याच सहकारी अधिकाऱ्यांनी त्यास अटक केली. परंतु १७ ऑक्टोबर रोजी मजुरांचे लोंढे राजधानीत लोटले आणि सरकारला त्यास सोडावे लागले. पाच दिवसांनी जुनीन येथे त्या दोघांचा विवाह झाला. पुढल्या वर्षी पेरॉन अर्जेंटिनाचा अध्यक्ष झाला.

या विवाहाच्या वेळी एक गोष्ट घडली तिचा निर्देश येथे करणे अवश्य आहे. जन्माचा जो दाखला सादर करण्यात आला त्यात वधूचे वय तीन वर्षांनी कमी दाखविले होते आणि नाव मारिया एवा दुआर्ते असे लिहिले होते. हा खोटेपणा होता यात संशय नाही. परंतु आईबापांच्या वर्तनाचा बोल जेथे मुलीच्या कपाळी आयुष्यभर चिकटविला जातो, तेथे त्या मुलीने कागद बदलला म्हणून तिला कठोर बोलण्यास आमची लेखणी धजत नाही.

आता चषकाची कथा. १९३९ साली संपलेल्या यादवी युद्धाने स्पेन देश भणंग झाला होता. भाकरी शिधापत्रिकेवर मिळे व तीही पोटभर नसे. सेनाधिपती फ्रँको याची राजवट हिटलर व मुसोलिनी यांच्या साहाय्याने उभी राहिलेली. म्हणून १९४६ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रसंघाने सभासद राष्ट्रांस आपले वकील माद्रिदहून परत बोलाविण्याची शिफारस केली. बहुतेकांनी तसे केले. अर्जेंटिनाने उलट नवा वकील पाठविला, आणि त्यापूर्वीच झालेल्या कराराप्रमाणे गव्हाची जहाजे स्पेनच्या बंदरांस लागू लागली. अशा वेळी, १९४७ च्या जूनमध्ये, अध्यक्षांची पत्नी एवाबाई माद्रिदला आल्या. त्यांचे स्वागत राणीला शोभेल असे झाले. राजवाड्यासमोरच्या चौकात अलोट गर्दी जमली. जूनच्या उकाड्यातही बाईंनी केसाळ कातड्याचा भारी झगा पांघरला होता, आणि त्यांना तेथे इसाबेला राणीच्या नावाचा मानाचा क्रूस देण्यात आला. एवाबाईंना मात्र राजवाड्यांपेक्षा इस्पितळे व मजुरांच्या वस्त्या पाहण्याचा हट्ट होता, आणि त्यावरून यजमानीणबाईंशी त्यांचे फारसे पटले नाही, असे सांगतात. याच भेटीच्या सुमारास हुआना दोन्या नावाच्या एका कम्युनिस्ट स्त्रीला देहांताची शिक्षा झाली होती. तिच्या लहान मुलाच्या नावाने एवाबाईंस पत्र गेले. त्यांनी फ्रँकोकडे रदबदली केली आणि ती शिक्षा रद्द होऊन कारावासावर आली. त्या संपूर्ण प्रवासातील समारंभ, दागिने आणि पोशाख एका पारड्यात टाकले तरी हे दुसरे पारडे आम्हांस जड वाटते. स्पेनहून त्या रोमला गेल्या व पोप बारावे पायस यांची त्यांनी भेट घेतली. स्वित्झर्लंडात मात्र त्यांच्या गाडीवर टोमॅटो फेकले गेले.

गव्हाबद्दल कृतज्ञता दाखविण्यासारखे दरिद्री स्पेनपाशी होते काय? रस्त्यांची नावे होती, पदके होती, आणि फुटबॉल होता. स्पेनच्या फुटबॉल मंडळाने दोन अजिंक्य संघांच्या सामन्यास एवाबाईंचे नाव दिले, आणि ते देताना त्यांचे माहेरचे आडनाव घातले. तिकडील रीतीप्रमाणे स्त्रीचे माहेरचे नाव लग्नानंतरही राहते, त्यामुळे यात कोणास वावगे वाटण्याचे कारण नव्हते. चिविल्कोयच्या दारात जे नाव उच्चारण्यास त्या मुलीला मज्जाव होता, ते आता स्पेनमधील सर्वश्रेष्ठ संघ मिळवू पाहत होते.

सामने बरेच रंगले. १९४७ च्या मानासाठी रेआल माद्रिदने व्हॅलेन्सियाचा ३-१ असा पराभव केला. पुढल्या वर्षी बार्सिलोनाने सेव्हियाला एका गोलने हरविले. १९४९ चा सामना तर गोलांचा पाऊसच. व्हॅलेन्सियाने बार्सिलोनाविरुद्ध ७-४ असा जय मिळविला. १९५० साली बिल्बावचा संघ व अॅटलेटिको माद्रिद यांची ५-५ अशी बरोबरी झाली, तेव्हा सामना पुन्हा खेळावा लागला व त्यात बिल्बावने २-० अशी सरशी केली. १९५१ साली अॅटलेटिकोने बार्सिलोनाला २-० असे नमवून मागील भरपाई केली. १९५२ आणि १९५३ या दोन्ही वर्षी साखळी स्पर्धा व राष्ट्रीय चषक दोन्ही बार्सिलोनानेच जिंकल्यामुळे प्रतिस्पर्धीच उरला नाही, आणि चषक न खेळताच त्या संघास देण्यात आला.

इकडे अर्जेंटिनात एवाबाईंचे काम वाढत होते. १९४७ च्या सप्टेंबरात स्त्रियांना मताधिकार देणारा कायदा झाला. त्याच्या मागे त्यांचा रेटा मोठा होता. १९४८ साली त्यांनी आपल्या नावाची साहाय्य संस्था स्थापन केली. तीमार्फत इस्पितळे, अनाथगृहे, वृद्धांसाठी निवास आणि परिचारिकांची शाळा उभी राहिली. १९५१ साली औषधोपचाराची सर्व सोय असलेली एक आगगाडी गावोगाव फिरली. दुपारपासून रात्री उशिरापर्यंत एवाबाई कचेरीत बसत आणि रांगेतल्या एकेका गरिबाचे गाऱ्हाणे स्वतः ऐकत. कोणास शिवणयंत्र हवे, कोणास खाट, कोणास दातांची कवळी. ज्यांच्या अंगावर जखमा आहेत अशांनाही जवळ घेण्यास त्या कचरत नसत.

आमच्या विद्यार्थ्यांस अधिक गोडी वाटेल ती हकीकत मुलांच्या फुटबॉलची. याच संस्थेने मुलांसाठी एविता सामने सुरू केले. एविता म्हणजे छोटी एवा, हे लोकांनी दिलेले लाडके नाव. गल्लीतील मुलांनी संघ बांधावा आणि पत्र पाठवून नाव नोंदवावे, की त्यांस सदरे, बूट व चेंडू मिळत. अनेक मुलांच्या पायांत पहिला बूट आला तो या निमित्ताने. परंतु खरी मख्खी पुढेच आहे. मैदानावर उतरण्यापूर्वी प्रत्येक मुलाची वैद्यकीय तपासणी झालीच पाहिजे असा नियम होता. ज्या मुलांनी वैद्याचे तोंड कधी पाहिले नव्हते, त्यांची छाती, डोळे व दात तपासले गेले, आणि ज्यांत रोग आढळला त्यांच्यावर उपचार झाले. चेंडूच्या लालसेने मुलांना वैद्यापुढे आणण्याची ही युक्ती आम्हांस फार मार्मिक वाटते. पुढे नामांकित झालेला होसे सानफिलिप्पो हा खेळाडू याच सामन्यांतून वर आला.

तथापि या चित्राला दुसरी बाजू आहे व ती लपविणे योग्य होणार नाही. त्या सामन्यांच्या आरंभी मुलांकडून एविताच्या गौरवाचे गीत गाऊन घेतले जाई. संस्थेसाठी मजुरांच्या वेतनातून पैसे कापले जात, आणि कारखानदारांकडून मागितलेल्या देणगीस नाही म्हणणे सोपे नसे. पेरॉन सरकारवर टीका करणारे ला प्रेन्सा हे जुने वर्तमानपत्र १९५१ साली सरकारने हिसकावून घेतले. एका प्रांतास आणि ला प्लाता या शहरास एवाबाईंचे नाव देण्यात आले. त्यांचे आत्मचरित्र शाळांतून पाठ्यपुस्तक म्हणून लावण्यात आले. जिला लहानपणी नाव नाकारले गेले, तिचे नाव आता कोणास नाकारता येईनासे झाले. गरिबाला दिलेल्या चादरीवरही ते नाव छापण्याची गरज होती काय, हा प्रश्न आमच्या मनातून जात नाही.

फुटबॉलने मात्र त्यांचे सदैव ऐकले असे नाही. १९५१ च्या अखेरीस अर्जेंटिनाच्या अजिंक्यपदासाठी रासिंग हा बलाढ्य संघ व बान्फील्ड हा उपनगरातील लहान संघ यांची गाठ पडली. एवाबाईंची इच्छा लहान संघ जिंकावा अशी होती, असे तिकडे अजून सांगतात. पहिला सामना गोलविना सुटला. दुसरा रासिंगने १-० असा जिंकला.

त्या वेळी बाई अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांस गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला होता. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये उपाध्यक्षपदासाठी उभे राहण्याचा आग्रह एका विराट सभेत त्यांना झाला होता, परंतु थोड्याच दिवसांत रेडिओवरून त्यांनी नकार कळविला. नोव्हेंबरात अमेरिकेहून आलेल्या शल्यवैद्याने त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. त्यानंतर पाचच दिवसांनी निवडणूक झाली. देशातील ३८ लाखांवर स्त्रियांनी प्रथमच मत दिले. एवाबाईंनी आपले मत इस्पितळातील खाटेवरून पेटीत टाकले. २६ जुलै १९५२ रोजी, वयाच्या ३३ व्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. अंत्यदर्शनासाठी पावसात दिवसचे दिवस रांगा लागल्या होत्या.

त्याच वर्षी अर्जेंटिनावर दुष्काळाची पाळी आली होती. जो देश जगाला गहू पुरवी, तेथे लोकांना भेसळीची काळी भाकरी खावी लागली. स्पेनकडे जाणारा धान्याचा ओघ त्याआधीच आटला होता. १९५३ च्या सप्टेंबरात स्पेनने अमेरिकेशी करार केला, आणि मदतीचे नवे दार उघडले. एवा दुआर्ते चषकाच्या यादीतील शेवटचे वर्ष १९५३ हेच आहे. या दोन गोष्टी शेजारी शेजारी आल्या एवढेच आम्ही नमूद करितो. १९५४ साली रेआल माद्रिद व व्हॅलेन्सिया असे दोन निरनिराळे अजिंक्य संघ हजर होते, पण सामना झाला नाही. त्याच धर्तीची नवी स्पर्धा स्पेनमध्ये सुरू झाली ती १९८२ साली, आणि ती कोणा व्यक्तीच्या नावाने नाही.

१९५५ च्या सप्टेंबरात सैन्याने पेरॉनला पदच्युत केले. प्रांताचे व शहराचे नाव पालटले, संस्थेची छाप असलेल्या चादरी व भांडी नष्ट करण्यात आली, आणि १९५६ च्या एका हुकुमाने पेरॉन व त्यांची पत्नी यांची नावे उच्चारणे हाही अपराध ठरला. मुलांचे सामने थांबले. पुढे ते पुन्हा सुरू झाले, व एविता याच नावाने आजही अर्जेंटिनात शाळकरी मुलामुलींचे खेळ होतात. जुनीन गावच्या सार्मिएन्तो संघाचे मैदानही त्यांच्याच नावाचे आहे.

बाईंचा देह औषधे भरून जतन करण्यात आला होता. नव्या राज्यकर्त्यांना त्याचेही भय वाटले. १९५५ च्या नोव्हेंबरात तो नाहीसा करण्यात आला आणि १९५७ साली इटलीतील मिलान शहरी मारिया माज्जी या परक्या नावाखाली पुरण्यात आला. तेथे तो १४ वर्षे होता. १९७१ साली तो उकरून माद्रिदला, परागंदा पेरॉनच्या घरी, पोचविण्यात आला. स्पेनमध्ये तेव्हाही फ्रँकोचीच राजवट होती. १९७४ साली तो स्वदेशी आला, आणि १९७६ च्या ऑक्टोबरापासून ब्युनॉस आयर्समधील रेकोलेता दफनभूमीत, खोल तळघरात, पक्क्या बंदोबस्तात आहे. ते थडगे पेरॉन घराण्याचे नाही. दर्शनी भागावर दुआर्ते कुटुंब अशी अक्षरे आहेत, आणि दाराच्या जाळीत येणारेजाणारे फुले खोचून ठेवितात.